लहान शिकार आणि छऱ्याची बंदूक

गेल्या पौषात, संक्रांतीस चार दिवस उरले असतानाची गोष्ट. सायंकाळची आरती आटोपून मंडळी पांगली होती व आम्ही निरांजने पुसून ठेवीत होतो, तोच परिचयातील एक तरुण ओट्यावर येऊन बसला. हा येथे पलसाण्यास एका कापडाच्या कारखान्यात रंगाईच्या खात्यात कामाला आहे, मूळचा नंदुरबारकडचा. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशातून आलेली अशी कितीतरी कुटुंबे चलथाण, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात स्थिरावली आहेत, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. त्यांतील बहुतेकांची थोडीबहुत शेती अजून गावी आहे. या तरुणाच्या वडिलांची ज्वारी त्या वेळी दाणा धरीत होती. त्याने खिशातील फोन काढून दोन बंदुकींची चित्रे आम्हांस दाखविली व म्हणाला, "भाऊ, तुम्ही वाचता-बिचता. यांतली कोणती घेऊ? आणि छर्रे कोणते चांगले? होले कणसावर बसतात, बांधाला ससेही आहेत. रानाची राखण होईल आणि कधीमधी घरात कालवणही होईल."

अशा प्रश्नास देवळाच्या ओट्यावर द्यावयाचे उत्तर ठरलेले आहे. हिंसा हे पाप आहे, असे एक वाक्य उच्चारले की विचारणारा खाली मान घालून निघून जातो आणि बंदूक मात्र दुसऱ्या कोणास विचारून घेतो. ते वाक्य खोटे नाही. परंतु ते त्या दिवशी आमच्या तोंडून निघेना. त्याचे कारण पुढे येईल. शिवाय त्याने विचारले होते ते 'मारू का' असे नव्हे, तर 'कशाने मारू' असे. या दुसऱ्या प्रश्नाच्या पोटातही नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटले, म्हणून आम्ही त्यास दोन दिवसांनी ये असे सांगितले आणि मधल्या वेळात जे वाचावयास मिळाले ते वाचले.

हवेची बंदूक ही वस्तू मुळात साधी आहे. तिच्यात दारू नाही. सामान्य प्रकारात नळी मोडून ताणली की आतील दट्ट्या स्प्रिंगसह मागे जाऊन अडकतो. चाप ओढताच तो पुढे धावतो, त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि ती हवा छऱ्यास नळीतून हाकलून देते. दुसऱ्या प्रकारात टाकीत आधीच हवा दाबून भरलेली असते. ती बंदूक महाग, परंतु तिला धक्का फारसा नसतो. छर्रा शिशाचा असतो. मागे पोकळ, मध्ये बारीक, पुढे भरीव. म्हणजे थेट डमरूच्या घाटाचा. त्याच्या तोंडाचे चार प्रकार आहेत. चपट्या तोंडाचा छर्रा कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो, म्हणून निशाणबाजीच्या स्पर्धेत तोच वापरतात. परंतु हवेचा अडथळा त्यास अधिक होतो व थोड्याच अंतरावर त्याचा वेग मावळतो. गोल डोक्याचा छर्रा वेग टिकवितो व लांबवर सरळ जातो. टोकदार छर्रा दुकानात फार खपतो, कारण तो भयंकर दिसतो. प्रत्यक्षात त्याचे टोक किंचित जरी वाकडे असले तरी तो भरकटतो. पोकळ तोंडाचा अंगात शिरल्यावर पसरतो. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की एकाच कारखान्याच्या दोन बंदुकींस एकच छर्रा मानवेल असे नाही. दोन-चार जातींचे छर्रे आणून, कागदावर मारून, कोणता एका जागी पडतो हे ज्याचे त्याने पाहावे लागते.

नळीची मापे मुख्यतः दोन. एक साडेचार मिलिमीटरचे आणि दुसरे साडेपाचचे. आपल्या देशातील २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतची व २० ज्यूलपर्यंत शक्तीची हवेची बंदूक परवान्यावाचून बाळगता येते. त्यापुढे परवाना लागतो. ज्यूल म्हणजे काय ते शाळेत शिकविलेल्या सूत्राने काढता येते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदास २०० मीटर वेगाने सुटला तर त्याच्या अंगी १० ज्यूल शक्ती असते. बाजारात खेळण्यासारख्या विकल्या जाणाऱ्या कित्येक बंदुका तेवढ्याही नसतात.

आता ज्या देशांत अशी शिकार कायदेशीर आहे तेथील रीत पाहू. इंग्लंडमध्ये शेतमालकाच्या संमतीने ससे मारतात. तेथे सुमारे १६ ज्यूलपर्यंतच्या हवेच्या रायफलीस परवाना लागत नाही, आणि शिकारीसाठी बहुधा साडेपाच मिलिमीटरची पसंत करतात. परंतु तेथील जाणत्या शिकाऱ्यांचा कटाक्ष बंदुकीच्या शक्तीवर नसून हातावर असतो. ज्या अंतरावरून तुम्हांस दहाच्या दहा छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत घालता येतात, तेवढेच तुमचे अंतर. त्याच्या एक पाऊल पलीकडून जिवावर नेम धरू नये. बहुतेकांच्या बाबतीत हे अंतर पंचवीस-तीस मीटरांच्या आतच संपते. नेम डोक्याचाच धरावा, कारण अंगात शिरलेला लहान छर्रा मारीत नाही, तो नुसती जखम करतो. मागे काय आहे ते दिसत नसेल तर चाप ओढू नये.

हे वाचून आम्ही काहीसे थबकलो. 'छर्रे कोणते चांगले' या प्रश्नास या लोकांनी दिलेले उत्तर असे की, जो प्राण्यास क्षणात मारील आणि तडफडत ठेवणार नाही तो. मारणाऱ्याच्या हातीही एक प्रकारची दया असू शकते व ती छऱ्याच्या निवडीपर्यंत पोहोचते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आपल्या पुराणांतील शिकारी मात्र नेमके येथेच चुकले. दशरथाने पाण्यात घडा बुडाल्याचा आवाज ऐकून, न पाहता बाण सोडला आणि श्रावण पडला. जरा नावाच्या व्याधाने हरीण समजून बाण मारला तो श्रीकृष्णाच्या पायास लागला. ते स्थान म्हणून वेरावळजवळचे भालका तीर्थ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दोघांचाही नेम उत्तम होता. दोघांनीही पाहिले नाही.

आपल्याकडे मृगयेविषयी एकमत कधीच नव्हते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाच्या कामज व्यसनांत मृगया सांगितली आहे, आणि मद्य व द्यूत यांच्या पंक्तीस ती अत्यंत घातक अशी बसविली आहे. कौटिल्याने उलट द्यूतास अधिक वाईट ठरविले. मृगयेने निदान व्यायाम होतो, चरबी झडते, स्थिर व चल लक्ष्याचा अभ्यास होतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. तो राजांस उद्देशून होता हे विसरू नये. परंतु एक गोष्ट दोघांनाही मान्य दिसते. मृगया ही गरज नसून ओढ आहे, आणि वाद आहे तो ओढीविषयी.

गरजेविषयी धर्मशास्त्राची दृष्टी निराळी आहे. गृहस्थाच्या घरी हिंसेची पाच स्थाने सांगितली आहेत. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. झाडताना मुंगी मरते, दळताना कीड मरते. हे थांबविता येत नाही, म्हणून रोजचे पंच महायज्ञ सांगितले, आणि त्यांतील भूतयज्ञात पाखरांस व मुंग्यांस अन्नाचा भाग ठेवला. या व्यवस्थेत आम्हांस मोठे शहाणपण दिसते. जी हिंसा टळत नाही ती नाकारावयाची नाही व तिचा अभिमानही धरावयाचा नाही. तिचे ऋण मानून रोज थोडे फेडावयाचे. तेव्हा आमच्या या तरुणाचा होला कोणत्या खात्यात बसतो? केरसुणीखालच्या मुंगीच्या, की राजाच्या मृगयेच्या?

येथे शेतकऱ्याची बाजू नीट ऐकली पाहिजे. देवळात बसून धान्य विकत घेणाऱ्यास पाखरांची कीव करणे फार सोपे असते. दुधावर आलेल्या ज्वारीवर चिमण्या, मैना, पोपट, होले यांचे थवे उतरले की चार दिवसांत कणसे अर्धी होतात आणि वर्षाच्या कष्टाचा चुराडा होतो. म्हणून तर आपल्या रानांत माळा उभारून, गोफण घेऊन, पहाटेपासून हाकारा घालण्याची चाल पडली. परंतु त्या गोफणीचा हेतू पाहावा. तिचा गुंडा थव्याच्या दिशेने जातो, सणाणतो, थवा उठतो. पाखरू मरावे अशी त्यात अपेक्षा नाही. त्याने दुसरीकडे जावे एवढीच आहे. राखण आणि शिकार या दोन गोष्टी आपल्या वडिलांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. छऱ्याच्या बंदुकीने त्या एक होऊन जातात, आणि माणसास आपण राखण करतो की शिकार, हे स्वतःलाच कळेनासे होते. शिवाय राखणीस ती निरुपयोगीही आहे. तिचा आवाज इतका हलका की एक होला पडतो आणि बाकीचे पुढच्या ओळीत जाऊन बसतात.

कायदा स्पष्ट आहे, म्हणून त्याविषयी थोडक्यात. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यात प्रथम 'लहान शिकारी'चा परवाना मिळत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती तरतूद गेली. आज ससा, तित्तिर, लावा, होला हे सारे कायद्याच्या संरक्षणात आहेत, आणि कायद्याच्या भाषेत जखमी करणे हीदेखील शिकारच आहे. पिकास अपाय करणाऱ्या जनावरांसाठी वनखात्याकडे अर्ज करण्याचा मार्ग आहे, परंतु तो कालवणासाठी नाही. म्हणजे बंदूक परवान्यावाचून मिळते, आणि तिने ज्याला मारावयाचे ते मारता येत नाही. बंदूक दुकानात सहज मिळते यावरून तिचा तसा उपयोगही मोकळा आहे असा अनेकांचा समज होतो; आमच्या तरुणाचाही तोच होता. हे त्यास सांगितले असते तर विषय तेथेच मिटला असता. परंतु कायद्याच्या भीतीने ठेवलेला हात आणि समजून ठेवलेला हात यांत अंतर आहे, आणि त्याने आम्हांस विश्वासाने विचारले होते.

आता आमचे स्वतःचे. आम्ही चौदा वर्षांचे असताना मित्राच्या मामाची अशीच एक बंदूक एका दुपारी आमच्या हाती लागली. देवळामागच्या चिंचेवर होला बसला होता. आम्ही नेम धरला तो नीट आठवतो. चाप केव्हा ओढला ते आठवत नाही. होला पडला. जवळ गेलो तर तो मेलेला नव्हता. एक पंख पसरलेला, डोळा उघडा, आणि पोटाजवळची पिसे श्वासाबरोबर वरखाली होत होती. पुरते मारून त्याचे हाल संपविण्याचे धैर्य आमच्यात नव्हते, आणि ठेवून पळण्याचेही नव्हते. वडील दुपारच्या नैवेद्यासाठी सोवळ्यात निघाले होते ते तसेच थांबले. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "का मारलेस?" एवढेच. आम्ही उत्तर शोधू लागलो. आम्हांस भूक नव्हती. आमचे शेत नव्हते. त्या पाखराने आमचे काही बिघडविले नव्हते. बंदूक होती आणि ते समोर होते, एवढे एकच कारण होते, आणि ते बोलून दाखविण्यासारखे नव्हते. वडिलांनी एक टोपली आणविली, तीत जुने धोतर घातले आणि म्हणाले, "आता हे तुझे काम." दोन रात्री आम्ही त्यास कापसाच्या बोळ्याने पाणी पाजले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते मेले. त्यानंतर दहा दिवस वडिलांनी आम्हांस गाभाऱ्यातील समई लावू दिली नाही. अकराव्या दिवशी काहीही न बोलता काड्याची पेटी आमच्या हाती दिली. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

पुढे वनपर्वातील कौशिक ब्राह्मणाची कथा आमच्या वाचनात आली तेव्हा ती आम्हांस परकी वाटली नाही. झाडाखाली वेदपाठ करीत असता वरून बगळीने अंगावर घाण केली म्हणून त्याने क्रोधाने वर पाहिले, आणि त्या दृष्टीनेच ती मरून पडली. त्याच्या तपाचे सामर्थ्य एका लहान पाखरावर खर्ची पडले. त्यास लगेच पश्चात्ताप झाला. परंतु धर्म म्हणजे काय ते समजून घेण्यासाठी शेवटी त्यास मिथिलेतील एका मांसविक्या व्याधाच्या दुकानी जावे लागले. कथा सांगणारे व्याधाचे ज्ञान सांगतात व बगळीस विसरतात. आम्हांस ती बगळी विसरवत नाही, कारण कौशिकाजवळ तपाचे बळ होते आणि आमच्याजवळ दहा ज्यूल होते. दोघांसही ते हाती आहे म्हणूनच वापरावेसे वाटले.

तथापि हा न्याय सरसकट लावता येईल असेही नाही. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी मुंबईत लहानपणी हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, त्यामुळे ती खाण्यास चालेल की नाही याचा निर्णय होईना. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील चिटणीस मिलार्ड साहेबांनी त्या मुलास रागे न भरता पाखराचे नाव सांगितले आणि पेंढा भरलेल्या पाखरांची कपाटे उघडून दाखविली. त्यातून पुढे केवढे काम उभे राहिले ते सर्वश्रुत आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी त्या चिमणीवरूनच ठेवले. ही कथा सांगताना आपण एक गोष्ट वगळतो. अभ्यासासाठी पक्षी मारणे त्यांनी पुढेही चालू ठेवले आणि ते लपविले नाही. 'का मारलेस' या प्रश्नास त्यांच्याजवळ उत्तर होते. ते सर्वांस पटेल असे नाही, परंतु उत्तर होते.

अरुणाचल प्रदेशात २०२१ च्या मार्चमध्ये लोकांनी आपणहून एअरगन परत कराव्यात अशी मोहीम सुरू झाली आणि पुढे शेकड्यांनी बंदुका जमा झाल्या. तेथे शिकार ही पिढ्यांची चाल आहे, अन्नाचाही भाग आहे. ज्याने ती बंदूक दिली त्याने खरोखर काही सोडले. आम्ही वरण-भात खाणाऱ्यांनी त्यांस अहिंसा शिकविण्यात अर्थ नाही. आपणांस पाहावयाचे असेल तर आपल्याच गच्चीवर पाहावे. गुजरात सरकारचे करुणा अभियान २०१७ पासून दर जानेवारीत पतंगाच्या दोऱ्याने कापलेल्या पाखरांसाठी चालते. बंदूक पाहून ज्यांच्या अंगावर काटा येईल असे कितीजण उत्तरायणाच्या पहाटे, म्हणजे पाखरे घरट्यांतून निघण्याच्याच वेळी, दोरा सोडून बसतात! आम्हीही बसत होतो.

ठरल्याप्रमाणे तो तरुण आला. छऱ्यांविषयी त्याने विचारले होते ते सारे आम्ही त्यास सांगितले, काही लपविले नाही, कायदाही सांगितला. होल्याची गोष्टही सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "पण भाऊ, बंदूक तर मी कालच घेतली." साडेचार मिलिमीटरची, स्प्रिंगची. छर्रे टोकदार होते.

रविवारी आम्ही दोघे त्याच्या खोलीमागील मोकळ्या जागेत गेलो. वाळूने भरलेले पोते भिंतीशी उभे केले, त्यावर वहीचा कागद टाचला आणि मध्ये शाईने नाण्याएवढे वर्तुळ काढले. अंतर वीस पावले. दहा मीटरच्या रायफल स्पर्धेत मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळविले ते असल्या ठिपक्यावर, हे सांगितल्यावर तो हसला व खाली बसून सावकाश दहा छर्रे मारले. आम्ही कागद काढून आणला. एक छर्रा वर्तुळात होता. चार आजूबाजूस, बोट-दोन बोटांवर. बाकीचे कागदाच्या कडेला, आणि एकाचा पत्ताच नव्हता.

तो बराच वेळ कागद पाहत राहिला. मग वर्तुळाभोवती बोटाने होल्याच्या अंगाएवढी रेघ ओढून त्याने आतली भोके मोजली. "एक मेला असता," तो म्हणाला, "आणि चार तसेच उडून गेले असते."

संक्रांतीनंतर तो गावी जाऊन आला. ज्वारीवर चकचकीत फिती ओढल्या आहेत आणि धाकट्या भावास माळ्यावर बसविले आहे, असे त्याने सांगितले. नुकसान झाले, परंतु दरवर्षीइतकेच. बंदूक त्याने विकलेली नाही. रविवारी तो पोत्यावर मारीत असतो. आता गोल डोक्याचे छर्रे आणले आहेत आणि दहांतील सहा वर्तुळात पडतात. मागच्या रविवारी त्याने आमच्या हाती बंदूक देऊ केली. आम्ही ती घेतली, नळी पोत्याकडे धरली, आणि थोड्या वेळाने तशीच परत केली.